राजाला वेसण घालणारी सनद

टेम्स नदीच्या काठी, विंडसर आणि स्टेन्स या गावांच्या मध्ये रनीमीड नावाचे कुरण आहे. १५ जून १२१५ रोजी इंग्लंडचा राजा जॉन तेथे आला, तो काही खुशीने नव्हे. बंड पुकारलेल्या सरदारांनी लंडन शहर आधीच ताब्यात घेतले होते. त्यांच्या अटींवर राजाला आपली मोहोर उमटवावी लागली. हीच पुढे ‘मॅग्ना कार्टा’ म्हणजे ‘मोठी सनद’ म्हणून प्रसिद्ध झाली.

जॉनवर ही पाळी का आली? फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांत त्याने १२०४ मध्ये गमावला. तो परत मिळवण्यासाठी त्याने सरदारांवर करांचा बोजा लादला, वारसाहक्क देतानाही भरमसाट रकमा उकळल्या. १२१४ मध्ये बुव्हिनच्या लढाईत त्याच्या मित्रसैन्याचा धुव्वा उडाला. पैसा गेला, पतही गेली.

घरादाराची कलमे

लॅटिन भाषेतील या सनदेचा मजकूर सलग होता. अभ्यासकांनी त्याची ६३ कलमे पाडली. त्यांत राज्यकारभाराइतक्याच घरगुती गोष्टी आहेत. विधवेवर पुनर्विवाहाची सक्ती करू नये, असे एक कलम सांगते. धान्य आणि मद्य यांचे माप देशभर एकच असावे, असे दुसरे.

खरे महत्त्व मात्र ३९ आणि ४० या कलमांचे. देशाच्या कायद्याला किंवा बरोबरीच्या लोकांच्या निवाड्याला सोडून कोणाही स्वतंत्र माणसाला अटक करायची नाही, त्याची मालमत्ता हिरावायची नाही. न्याय विकायचा नाही, नाकारायचा नाही, लांबवायचाही नाही. अर्थात ‘स्वतंत्र माणूस’ या शब्दांत जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबणारे असंख्य गरीब बसत नव्हते.

रद्द होऊनही टिकली

ऑगस्ट १२१५ मध्येच पोप तिसरे इनोसंट यांनी सनद रद्द ठरवली आणि यादवी पेटली. १२१६ मध्ये जॉन वारला. त्याचा मुलगा तिसरा हेन्री तेव्हा अवघा नऊ वर्षांचा होता. सरदारांना शांत करण्यासाठी त्याच्या पालकांनी काही फेरफार करून तीच सनद पुन्हा जारी केली. पुढे १६७९ च्या हेबियस कॉर्पस कायद्याने अटकेतील माणसाला न्यायालयापुढे हजर करण्याच्या आदेशाला बळ दिले, तर १६८९ च्या हक्कांच्या कायद्याने पार्लमेंटच्या संमतीविना कर बसवण्यास राजाला मनाई केली.

भारतीय राज्यघटनेच्या २१ व्या कलमानेही जीविताला आणि व्यक्तिस्वातंत्र्याला कायद्याचे संरक्षण दिले आहे. पण आणीबाणीत, १९७६ साली, स्थानबद्धांना हेबियस कॉर्पससाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी दिला. तो एक आवाज न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचा होता. १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश करण्यात आले. खन्ना यांनी राजीनामा दिला.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मात्र २१ व्या कलमाचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा तो निकालही चुकीचा ठरवला. खन्ना यांचे म्हणणे मान्य व्हायला एकेचाळीस वर्षे लागली. कागदावरचे हक्क जपायला कोणीतरी ठामपणे उभे राहावे लागते, ते असे.