घास अडला? विष टोचा!

गडहिंग्लजच्या मिरची बाजारातून नुसतं चालत गेलं तरी ठसका लागतो. त्यामुळे घसा हा आमच्याकडचा तसा सोशिक अवयव. तरी कुणाची भाकरी छातीत अडायला लागली की पहिला संशय मिरचीवरच. मग पित्ताच्या गोळ्या, थंड दूध आणि शेवटी शेजारचं निदान: ‘मनाला लावून घेतलंय कायतरी, म्हणून घास उतरंना!’

अ‍ॅकॅलेशिया या आजारात मिरचीही निर्दोष असते आणि मनही. अन्ननलिकेच्या तळाशी स्नायूंचं एक कडं असतं. घास आला की सैल पडायचं, गेला की आवळायचं, एवढंच त्याचं काम. त्याला ‘सैल हो’ सांगणाऱ्या मज्जापेशी मेल्या की ते आवळलेलंच राहतं. मग भाकरीच काय, पाणीही अडतं. रुग्ण उभं राहून जेवतात, मान ताणतात, घासामागं तांब्या रिकामा करतात, आणि तरी रात्रीचं जेवण सकाळी उशीवर, जसंच्या तसं. बेरियम पाजून एक्स-रे काढला की वर फुगलेली नळी आणि खाली निमुळती पक्ष्याची चोच दिसते. वर्षाला लाखात साधारण एकालाच हे होतं, म्हणून शेजारच्या निदानाला माफी.

थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरनं १६७४ साली लिहून ठेवलंय: अशाच एका रुग्णाला त्यानं देवमाशाच्या हाडाची काठी दिली, टोकाला स्पंज बांधून. गडी जेवायचा आणि काठीनं घास खाली ढकलायचा. वर्षानुवर्षं!

आजची काठी म्हणजे बोटॉक्स, स्नायू सैल पाडणारं विष. होय, सुरकुत्यांचंच. पण अमेरिकेत सुरकुत्यांसाठी त्याला मंजुरी मिळाली २००२ मध्ये. तिरळ्या डोळ्यांसाठी १९८९ मध्येच मिळाली होती, आणि अन्ननलिकेवरचा प्रयोगही सुरकुत्यांच्या मंजुरीआधीचा. पंकज पसरिचा या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी बाल्टिमोरमध्ये २१ रुग्णांवर केलेला प्रयोग १९९५ साली छापून आला. काहींना विष, काहींना नुसतं मिठाचं पाणी. विषवाल्यांतल्या बहुतेकांचा घास उतरला.

गंमत पुढेच आहे. या विषाची बाधा झाली की सुरुवातीच्या लक्षणांत एक असतं, गिळता न येणं! जर्मनीत सॉसेज खाऊन माणसं मरू लागली तेव्हा युस्टिनुस केर्नर या डॉक्टरनं (हा कवीही होता) ते विष स्वतः चाखून पाहिलं आणि याचं औषध होऊ शकेल असं १८२२ मध्येच लिहून ठेवलं. सॉसेजला लॅटिनमध्ये बोटुलुस, म्हणून नाव बोट्युलिनम. विष बनवणारा जंतू सापडला १८९५ मध्ये बेल्जियममध्ये. तिथं मयताला वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी हॅम खाल्लं आणि तिघे दगावले.

आपल्या लोणच्यात हा जंतू वाढत नाही. आंबटपणा त्याला सोसत नाही. मधात मात्र त्याचे बीजाणू झोपलेले असू शकतात. मोठ्यांच्या पोटातून ते निमूट निघून जातात, तान्ह्याच्या आतड्यात जागे होतात. म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका असं डॉक्टर सांगतात, मग तो आजरा-चंदगडकडचा अस्सल रानमध का असेना. आजीला हे पटवणं इंजेक्शनपेक्षा अवघड.

इंजेक्शनची कुपी पाहिली तर फसवल्यासारखं वाटतं, कारण ती रिकामीच दिसते. तळाला पातळसा थर असतो. त्यात सलाइन घालायचं आणि हलकेच फिरवायचं. ताकासारखं घुसळलं तर औषध बिघडू शकतं. डॉक्टर तोंडातून दुर्बीण घालतात आणि फिकट अन्ननलिका संपून गुलाबी जठर सुरू होतं ती नागमोडी रेषा शोधतात. तिच्या सेंटिमीटरभर वर, दुर्बिणीतून सरकवलेली लांब सुई तिरकी टोचायची, चार दिशांना चार वेळा. दर टोच्याला २५, एकूण १०० युनिट. युनिट म्हणजे काय? जेवढ्यानं प्रयोगातले निम्मे उंदीर मरतात तेवढी मात्रा.

टाके नाहीत, पोटावर चीर नाही. फक्त परिणाम काही महिन्यांचा. वर्षभरात निम्म्याअधिकांचा घास पुन्हा अडतो. म्हणून हा मार्ग मुख्यतः शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या थकल्या जिवांसाठी. धडधाकट माणसासाठी ते कडं ताणून रुंद करणारा फुगा आहे, ऑपरेशन आहे, आणि जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये सुरू केलेली, दुर्बिणीतूनच स्नायू कापायची ‘पोएम’ पद्धतही आहे. उगाच टोचत राहिलं तर आत वण धरतात आणि पुढचं ऑपरेशन किचकट होतं.

कुणाचं खालचं कडं नव्हे तर वरचं, घशातलंच, सैल होत नाही. तिथं सुई बाहेरून मानेतही घालता येते. स्नायू नेमका हाच, हे ओळखायचं कसं? सुईला यंत्र जोडलेलं असतं आणि आवळलेला स्नायू त्यात सारखा खरखरतो. डॉक्टर म्हणतात, ‘गिळा.’ रुग्ण आवंढा गिळतो आणि खरखर क्षणभर थांबते. थांबली की औषध सोडायचं.