सातबाऱ्यावरचे म्हातारपण

म्हातारपणाच्या प्रश्नावर आपल्याकडे बहुतेक लिखाण संस्कारांच्या अंगाने होते. पिढी बदलली, माया आटली, पोरे शहरात गेली, असा त्याचा सूर असतो. ते खोटे नाही. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी, घाटंजी, दारव्ह्याकडच्या गावांत म्हाताऱ्या माणसांशी बोलत फिरताना मला सारखे जाणवले, की घरातला मान कमी होण्याची तारीख पुष्कळदा तलाठ्याच्या दप्तरात सापडते. ज्या दिवशी सातबाऱ्यावर फेरफार झाला, त्या दिवशी.

2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 27,72,348 होती आणि दर पाचांतली जवळपास चार माणसे खेड्यात राहत होती. महाराष्ट्रात साठीपुढच्यांचे प्रमाण तेव्हाच दहा टक्क्यांच्या घरात होते. खेड्यातल्या या वृद्धांपैकी फार थोड्यांना नोकरीचे पेन्शन आहे. बाकीच्यांची शिल्लक म्हणजे वावर, आणि तेही कोरडवाहू कापूस-तुरीचे.

मग हयातीतच वावर मुलांच्या नावावर का करून देतात? कारणे व्यवहाराची आहेत. पीककर्जासाठी अनेक बँका साठीपुढच्या शेतकऱ्याला वारसापैकी सहकर्जदार आणायला सांगतात. त्यापेक्षा पोराच्याच नावाने केलेले बरे, असे वाटते. भावाभावांत पुढे भांडण नको, म्हणून वाटणी उरकली जाते. ‘वावर नावावर असलं की निराधारची फाइल अडते’ असेही गावात ऐकायला मिळते. शिवाय रक्ताच्या नात्यात शेतजमिनीचे बक्षीसपत्र स्वस्त आहे. मुद्रांक शुल्क 200 रुपये, अधिभार वेगळा.

वडिलांच्या हाती यानंतर काय उरते? नावावरची जमीन गेली, की पीएम-किसानचे वर्षाचे 6,000 रुपये त्यांना बंद होतात. श्रावणबाळ योजनेचे पैसे 65 वर्षांनंतर, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असेल तरच. 2023 पासून ही रक्कम महिना 1,500 रुपये झाली. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत ऐंशीच्या आतल्या माणसामागे केंद्राचा वाटा मात्र 2007 पासून 200 रुपयेच आहे. एवढ्यावर औषधपाणीही भागत नाही. म्हणजे जगायचे ते मुलाच्या मर्जीवर.

ही मर्जी फिरली तर काय, याचे उत्तर संसदेने 2007 साली दिले. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा तो. त्यानुसार उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. आपल्याकडे पुसद, वणी, दारव्हा, पांढरकवडा येथे ही कार्यालये आहेत. यवतमाळलाच जावे लागते असे नाही. वकील लावण्याची गरज नाही. स्वतः जाता येत नसेल, तर दुसऱ्या व्यक्तीला किंवा नोंदणीकृत संस्थेला अधिकार देता येतो. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित असून महिन्याला कमाल 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता ठरवता येतो. आई-वडिलांना साठीची अटही नाही.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. या कायद्यात ‘अपत्य’ म्हणजे मुलगा आणि मुलगी दोन्ही. भावासाठी हक्कसोडपत्रावर सही करून रिकाम्या हाताने सासरी गेलेली लेकही जबाबदारीतून सुटत नाही. वावर भावाला, कर्तव्य मात्र दोघांना!

जमिनीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते कलम 23. कायदा लागू झाल्यानंतर ज्येष्ठ नागरिकाने ‘माझा सांभाळ करायचा’ या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ नाकारला, तर ते हस्तांतरण फसवणुकीने झाले असे मानून रद्द करता येते. सगळी मेख ‘अटीवर’ या शब्दात आहे. 6 डिसेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशी अट होती हे दिसले पाहिजे. केवळ आईने मुलांना दिले म्हणून अट गृहीत धरता येणार नाही. त्या प्रकरणातल्या आईचा दावा टिकला नाही. 2 जानेवारी 2025 रोजी त्याच न्यायालयापुढे मध्य प्रदेशातल्या एका आईचे प्रकरण आले. तिच्या बक्षीसपत्रात सांभाळाचा उल्लेख होता आणि त्याच दिवशीचा मुलाचा वचननामाही होता. न्यायालयाने कायद्याचा अर्थ उदारपणे लावून बक्षीसपत्र रद्द केले आणि मिळकत आईला परत देवविली. दोन प्रकरणांत मोठा फरक पडला तो लिहिलेल्या ओळीने.

ती ओळ लिहा असे सुचवले, की उत्तर ठरलेले असते : ‘पोटच्या पोराले काय अट घालाव?’ मला हा प्रश्न समजतो. अट म्हणजे अविश्वास, आणि अविश्वास दाखवला तर आज आहे तो घासही कडू होईल, ही भीती त्यामागे आहे. पण बटईने वावर देताना आपण कागद करतो, आणि तो बटईदार चोर आहे म्हणून करत नाही. नापिकीच्या वर्षी सावकार, कृषी केंद्र, पोरांची फी या सगळ्यांचा तगादा असतो. तगादा न लावणारा एकच माणूस घरात असतो, तो म्हणजे म्हातारा. त्याचा वाटा आपोआप शेवटी जातो. लिहिलेली अट त्याला रांगेत जागा देते.

आपल्या जिल्ह्यात याहून कठीण प्रसंग आहे. वावर मुलाच्या नावावर केले आणि कर्जापायी मुलानेच जीव दिला. हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे मृत मुलाच्या मिळकतीत त्याची आई पहिल्या वर्गाची वारस आहे. विधवा सून व नातवंडांबरोबर तिला हिस्सा मिळतो. बाप दुसऱ्या वर्गात येतो. पहिल्या वर्गातला कोणी असेल तर त्याला काहीच नाही. ज्याने वावर दिले, तोच वारसाबाहेर! 2007 च्या कायद्यात सून ‘अपत्य’ नाही आणि अज्ञान नातवंडेही नाहीत. 2019 च्या दुरुस्ती विधेयकात सून-जावयांचा समावेश सुचवला होता, पण ते मंजूर झाले नाही. मुलाच्या मिळकतीतून पोटगी मागण्याचा मार्ग 1956 च्याच दत्तक व पोटगी कायद्यात आहे. मात्र त्यासाठी दिवाणी न्यायालय गाठावे लागते, तेही स्वतःच दुःखात बुडालेल्या सुनेविरुद्ध. हे कोण करणार? गोंड, कोलाम, परधान, आंध या अनुसूचित जमातींना तर हा वारसा कायदाच लागू नाही. तिथे रूढी चालते.

म्हणून मला वाटते, कागद करण्याआधीच थोडा विचार व्हावा. वहितीला वावर मुलाकडे द्यावे, नाव आपले ठेवावे. वाटणीच करायची तर आई-वडिलांचा वेगळा वाटा काढावा, आणि त्यात आईचे नाव असावे. मृत्युपत्र केले तर ते मृत्यूनंतरच लागू होते आणि हयातीत केव्हाही बदलता येते. बक्षीसपत्रच करायचे असेल, तर राहणे, जेवण, औषधोपचार व सांभाळ यांची अट त्यातच शब्दांत लिहावी. वडिलोपार्जित जमिनीत मुलामुलींचाही हक्क असतो, तेव्हा तिथे आधी जाणकाराला विचारावे.

दिवाळीला पोरे-लेकी घरी येतात, कापसाची वेचणी सुरू असते आणि वाटणीचा विषयही याच दिवसांत निघतो. तेव्हा सगळ्यांच्या देखत हे बोलता येईल. मुलानेच आपणहून ‘बाबा, ती अट लिहून घ्या’ म्हटले, तर बापाला ते तोंडातून काढावे लागणार नाही.