निवड देवाची की माणसाची?

ख्रिस्ती श्रद्धेत तीन विधाने एकमेकांना खेटून उभी आहेत. सर्वांचे तारण व्हावे, ही देवाची इच्छा आहे. देव सर्वसमर्थ आहे, मनात आणील ते तो करू शकतो. आणि तरीही काही माणसे तारणाला मुकतात. एकेक विधान सुटे घेतले तर रविवारी उपासनेला बसलेल्या बहुतेकांना ते मान्य असेल. तिन्ही एकत्र ठेवली की पेच पडतो. इच्छा आहे, सामर्थ्य आहे, मग कोणी मुकतोच कसा? पूर्वनिवड (कोणाचे तारण होणार हे देवाने आधीच ठरवणे) आणि इच्छास्वातंत्र्य यांवरून सोळाशे वर्षे चाललेला वाद म्हणजे या पेचातून वाट काढण्याची धडपड आहे. प्रत्येक पक्ष तिन्हींपैकी एका विधानाला मुरड घालतो. कोण कशाला मुरड घालतो आणि काय जपण्यासाठी, हे ध्यानात आले की या वादाची किचकट परिभाषा बरीच सोपी होते.

मराठी वाचकाने सुरुवातीलाच प्रारब्धाची कल्पना बाजूला ठेवलेली बरी. प्रारब्धात माणसाच्याच पूर्वकर्माचा हिशेब असतो. पूर्वनिवडीचा कडवा सिद्धांत याच्या नेमका उलट आहे. देवाने निवड केली तेव्हा माणसाचे कोणतेही कर्म, बरे वा वाईट, हिशेबात धरले नाही, असे तो सांगतो. नोकरी, लग्न, आयुष्याची दोरी हे त्याचे मुख्य विषयही नव्हेत. देवाशी तुटलेले नाते पुन्हा जुळणार का, हा त्याचा प्रश्न.

बायबलमध्ये दोन्ही सूर

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा नववा अध्याय हा पूर्वनिवड मानणाऱ्यांचा मुख्य आधार. याकोब आणि एसाव ही जुळी भावंडे अजून जन्मलेली नव्हती, त्यांनी काही बरेवाईट केलेले नव्हते, तरी देवाने धाकट्याला निवडले, याकडे पौल बोट दाखवतो. पुढे कुंभार आणि मातीचा दृष्टान्त येतो. मातीने कुंभाराला जाब विचारायचा नसतो.

दुसरा सूरही तितकाच ठळक आहे. अनुवादाच्या तिसाव्या अध्यायात मोशे लोकांपुढे जीवन आणि मरण ठेवतो आणि जीवन निवडायला सांगतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, सर्व माणसांचे तारण व्हावे ही देवाची इच्छा असल्याचे म्हटले आहे. त्यामुळे ‘तुमचे म्हणणे बायबलमध्ये नाही’ असे म्हणून कोणालाही हा वाद मिटवता येत नाही.

ऑगस्टीन आणि पेलाजियस

इसवी सन 400 च्या सुमारास रोममध्ये पेलाजियस नावाचा ब्रिटनकडचा एक व्रतस्थ उपदेशक होता. लोक ‘आम्ही दुबळे आहोत’ म्हणत पापातच राहतात, याचा त्याला संताप येई. देवाने आज्ञा दिली त्या अर्थी ती पाळण्याची ताकदही माणसाला दिलेली असणार, असे त्याचे म्हणणे. आजच्या अल्जीरियातल्या हिप्पो या बंदराच्या गावी ऑगस्टीन बिशप होता. वर्षानुवर्षे इच्छा असूनही त्याला स्वतःला बदलता आले नव्हते. माणसाची इच्छाच आजारी आहे, आधी ती बरी व्हावी लागते आणि ते काम देवाची कृपाच करू शकते, हे त्याने त्या अनुभवातून मांडले. मग ही कृपा एकाला मिळते आणि दुसऱ्याला नाही, असे का? देवाची निवड, असे उत्तर देऊन ऑगस्टीन थांबला.

418 साली कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसची मते धिक्कारली. पण ऑगस्टीनचेही सगळे स्वीकारले गेले नाही. 529 साली दक्षिण फ्रान्समधल्या ऑरेंज इथे भरलेल्या परिषदेने मधली रेघ आखली. तारणाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते, हे तिने मान्य केले, पण देव कोणाला दुष्टपणासाठी नेमतो ही कल्पना ठामपणे नाकारली. पुढच्या काळातला बहुतेक वाद या रेघेच्या अलीकडे-पलीकडेच झाला.

कॅल्विनने हा विषय कुठे ठेवला

पूर्वनिवड म्हटले की जिनिव्हाच्या जॉन कॅल्विनचे नाव येते. पण त्याच्या मुख्य ग्रंथाची 1559 ची अखेरची आवृत्ती पाहिली तर हा विषय देवाच्या वर्णनात, अगदी आरंभी, येत नाही. विश्वास, पश्चात्ताप, प्रार्थना ही सगळी प्रकरणे झाल्यावर तो तिसऱ्या भागात येतो. ही जागा महत्त्वाची आहे. विश्वासात आलेला माणूस मागे वळून पाहतो आणि विचारतो, ‘माझ्यासारख्याच्या मनात हा विश्वास आला कुठून?’ त्याला मिळणारे उत्तर म्हणजे निवड. ज्याला हा प्रश्न पडला आहे त्याला या उत्तराने धीर येतो. ‘मी निवडलेल्यांत आहे का?’ या भीतीने आधीच घेरलेल्याला मात्र तेच उत्तर छळते. कॅल्विनने देव काहींना नाकारतो हेही स्पष्ट लिहिले, आणि ठिणगी पडली ती तिथेच.

डॉर्टची पाच कलमे

वादाचा सर्वांत नेमका आराखडा तयार झाला तो हॉलंडमध्ये. याकोबुस आर्मिनियस जिनिव्हात कॅल्विनच्या उत्तराधिकाऱ्याच्या हाताखाली शिकला होता आणि 1603 पासून लायडन विद्यापीठात शिकवत होता. त्याचा सहकारी गोमारस कडवा कॅल्विनवादी. दोघांचे जाहीर खटके उडू लागले. 1609 साली आर्मिनियस वारला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन सादर केले.

त्याला उत्तर देण्यासाठी 13 नोव्हेंबर 1618 रोजी डोर्ड्रेक्ट, म्हणजे डॉर्ट, या शहरात धर्मपरिषद सुरू झाली. इंग्लंड, जर्मन संस्थाने आणि स्वित्झर्लंडमधूनही प्रतिनिधी आले. ‘कॅल्विनवादाची पाच तत्त्वे’ म्हणून जी ओळखली जातात, ती कॅल्विनने केलेली यादी नव्हे. ती या पाच कलमांना डॉर्टने दिलेली उत्तरे आहेत. दोन्ही बाजू समोरासमोर ठेवून पाहू.

पहिला मुद्दा निवडीचा. निवेदनकर्ते म्हणाले, जे विश्वास ठेवतील त्यांना वाचवायचे, असे देवाने ठरवले. डॉर्टने म्हटले, देवाने आधी माणसे निवडली आणि विश्वास हे त्या निवडीचे फळ.

दुसरा ख्रिस्ताच्या मरणाचा. ख्रिस्त सर्वांसाठी मेला, लाभ मात्र विश्वास ठेवणाऱ्यांनाच, असे निवेदन सांगते. डॉर्टच्या मते त्या मरणाचे मोल सगळ्या जगाच्या पापांना पुरून उरेल एवढे आहे, पण ते निश्चितपणे फळाला यावे हा देवाचा हेतू निवडलेल्यांपुरता होता.

तिसऱ्या मुद्द्यावर नवख्या वाचकाची हमखास फसगत होते. माणूस स्वतःच्या बळावर देवाकडे वळूच शकत नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य होते. आर्मिनियसचे अनुयायी म्हणजे पेलाजियसचे वारस, हा आरोप त्या काळीही झाला आणि आजही होतो, पण त्यांच्या तिसऱ्या कलमापुढे तो टिकत नाही.

खरी फाटाफूट चौथ्या मुद्द्यावर आहे. कृपा आली की माणूस तिला नकार देऊ शकतो का? निवेदनकर्ते म्हणाले, देऊ शकतो. डॉर्टचे उत्तर असे की कृपा माणसाचे मनच नवे करते; त्यामुळे तो आपखुशीने येतो, पण येतोच. आपल्याकडे श्रीवैष्णवांच्या दोन शाखांत असाच वाद झाला आणि त्यातून माकडाच्या व मांजरीच्या पिल्लांचा दाखला रूढ झाला. माकडाचे पिल्लू आईला स्वतः धरून राहते, मांजरीचे पिल्लू आई तोंडात धरून नेते. डॉर्टचे मत मांजरीच्या बाजूचे. आर्मिनियसचे माकडाच्या बाजूचे, पण एका भरीसह: पिल्लाच्या मुठीतली ताकदही आईनेच दिलेली, फक्त मूठ सोडता येते.

पाचवा मुद्दा टिकून राहण्याचा. खरा विश्वासी कायमचा ढळू शकतो का, हे निवेदनकर्त्यांनी अधिक अभ्यासासाठी खुले ठेवले होते. डॉर्टने ठरवले की तो अडखळेल, पडेल, पण देव त्याला गमावणार नाही.

या परिषदेची राजकीय किंमत जबर होती. जानेवारी 1619 मध्ये निवेदनकर्त्यांना सभेतून घालवून दिले गेले. त्यांचा पाठीराखा, वृद्ध मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्ट याचा 13 मे 1619 रोजी हेग इथे शिरच्छेद झाला. सुमारे दोनशे पाळकांना आपल्या मंडळ्या सोडाव्या लागल्या. देवाच्या कृपेवरच्या वादाचा शेवट असा व्हावा, हे आज वाचतानाही सलते.

कॅथलिकांची वाट

हाच प्रश्न कॅथलिक चर्चमध्येही पेटला होता. लुईस द मोलिना या जेझुइटाने 1588 साली मध्यम ज्ञानाची कल्पना मांडली. कोणता माणूस कोणत्या परिस्थितीत आपणहून काय करील, हे देवाला आधीच ठाऊक असते आणि ते जाणूनच तो जग रचतो. असे मानले तर देवाची योजना राहते आणि माणसाचे स्वातंत्र्यही राहते. डॉमिनिकन पंडितांचा आक्षेप असा, की मग देवाचा निर्णय माणसाच्या निर्णयावर अवलंबून ठरतो. रोममध्ये अनेक वर्षे सुनावण्या झाल्या. 1607 साली पोप पाचवा पॉल याने निकाल न देताच त्या संपवल्या. दोन्ही मते शिकवायला मुभा दिली आणि एकमेकांना पाखंडी म्हणायला बंदी केली. दोन्ही पक्ष एकाच चर्चमध्ये राहिले.

मराठी मुलखाशी धागा

हा धागा इंग्लंडपासून सुरू होतो. 1739 साली तिथे जॉन वेस्लीने पूर्वनिवडीविरुद्ध प्रवचन केले. निवड आधीच झाली असेल तर प्रवचन तरी कशाला, असा त्याचा सवाल होता. त्याचा मित्र जॉर्ज व्हिटफील्ड कॅल्विनवादी. त्याचे उत्तर असे, की कोण निवडलेला हे आपल्याला कळत नाही, म्हणून सुवार्ता सर्वांनाच सांगायची. मतभेद टिकले, मैत्रीही टिकली. 1770 साली व्हिटफील्ड वारल्यावर त्याच्या स्मरणार्थ प्रवचन वेस्लीनेच केले.

इंग्लंडमधल्या काही कॅल्विनवादी बाप्टिस्टांत मात्र, निवडलेले आपोआप येतील, सर्वांना बोलावण्याचे कारण नाही, असा विचार रुजला होता. 1785 साली अँड्र्यू फुलरने त्याला छेद दिला. सुवार्ता स्वीकारणे हे प्रत्येकाचे कर्तव्य, म्हणून ती प्रत्येकाला सांगणे हेही कर्तव्य, असे त्याने लिहिले. फुलरच्याच गटातला विल्यम कॅरी 1793 मध्ये बंगालला आला आणि 1805 साली त्याचे मराठी व्याकरण तिथल्या श्रीरामपूरला छापले गेले. मुंबईत 1813 साली आलेले अमेरिकन मिशनरी आणि पुढे आलेले स्कॉटिश मिशनरी कॅल्विनच्या परंपरेतले. नंतर आलेले मेथडिस्ट वेस्लीच्या. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली, तेव्हा कॅल्विनच्या आणि वेस्लीच्या अशा दोन्ही परंपरांतल्या मंडळ्या तिच्यात सामील झाल्या. डॉर्टला जे एका छताखाली मावले नाही, ते नागपूरला मावले.

ज्यांनी ऐकलेच नाही

सुवार्ता कधी कानावरच न पडलेल्यांचे काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली म्हटले, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सद्सद्विवेकाला जागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. स्वित्झर्लंडच्या कार्ल बार्थने कॅल्विनच्या परंपरेत राहूनच निवडीचा अर्थ पालटला. निवडलेला ख्रिस्तच आणि सर्वांच्या वतीने नाकारला गेलेलाही तोच, म्हणून निवडीची बातमी ही सगळ्या माणसांसाठी आनंदाची, असे त्याचे प्रतिपादन होते. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनपासून काहींनी तर शेवटी सर्वच वाचतील अशी आशा धरली.

आता सुरुवातीच्या पेचाचा हिशेब मांडता येतो. कॅल्विनची परंपरा पहिल्या विधानाला मुरड घालते: देवाचा वाचवण्याचा निश्चित संकल्प सर्वांबद्दल नाही. आर्मिनियस आणि वेस्ली दुसऱ्याला घालतात: नकार देता येईल एवढी मोकळीक देवाने स्वतःहून माणसाला दिली. सर्वांच्या तारणाची आशा धरणारे तिसऱ्याला हात घालतात.

तर्क सर्वांत कठोर होतो तिथे काय घडते, हेही पाहण्यासारखे आहे. तान्हेपणीच दगावलेल्या मुलाला विश्वास ठेवायला वेळच मिळालेला नसतो. अशा मुलाच्या निवडीबद्दल श्रद्धावंत आईबापांनी शंका बाळगू नये, असे डॉर्टच्या कडक ठरावांनीच सांगितले आहे. 1903 साली अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चने, बालपणी मरणारी सर्वच मुले तारणात आहेत, असे जाहीर केले. मूल गमावलेल्या घरी जाताना कडव्यातल्या कडव्या पक्षानेही देवाच्या दयेचीच बाजू धरली.

माझ्या मते दोन्ही पक्षांची चिंता खरी आहे. एकाला भीती की माणूस तारणाचे श्रेय स्वतःकडे घेईल. दुसऱ्याला भीती की माणसाच्या नाशाचे खापर देवावर फुटेल. पहिली भीती विसरणारा उपदेशक ऐकणाऱ्यांना गर्विष्ठ करतो, दुसरी विसरणारा त्यांना हताश करतो. म्हणून या वादात कोणाचे पटते हे ठरवताना, आपण यांपैकी काय विसरतो आहोत, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.