हात यंत्राचे, निर्णय सर्जनचा

रोबोटिक शस्त्रक्रियेच्या नावात रोबो असला तरी तो स्वतःहून काहीच कापत नाही. सर्जन काही फुटांवरच्या कन्सोलवर बसून, त्रिमित चित्रात पाहत रोबोचे हात चालवतो. बोटांचा बारीक कंप यंत्र गाळून टाकतं आणि अवजाराचं टोक मनगटासारखं वळतं. लॅपरोस्कोपीच्या, म्हणजे नेहमीच्या दुर्बीण शस्त्रक्रियेच्या, सरळ दांड्यांना ते जमत नाही.

गुदाशयाच्या कर्करोगात सगळी मदार या वळण्यावर. कटीराची पोकळी अरुंद, पुरुषांत आणखीच चिंचोळी. त्यात गुदाशयाभोवतीचं चरबीचं आवरण अखंड निघायला हवं आणि लघवी व लैंगिक क्रियेच्या नसाही वाचायला हव्यात. अखंड आवरणाचा हा आग्रह ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडला. तेव्हा रोबो कुठे होता!

यंत्र महाग, मग फायदा किती? १० देशांतल्या ४७१ रुग्णांवरच्या ‘रोलार’ चाचणीत (२०१७) ऐनवेळी पोट उघडावं लागलं ते रोबोगटात ८.१ टक्के, लॅपरोस्कोपीत १२.२ टक्के रुग्णांचं. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. चीनमधल्या ‘रिअल’ चाचणीचा कौल रोबोकडे झुकला: तीन वर्षांत कटीरात रोग उलटण्याचं प्रमाण १.६ विरुद्ध ४ टक्के. अर्थात, तिथले सर्जन दोन्ही तंत्रांत आधीच मुरलेले होते. ‘रोलार’मध्ये काहींचा रोबोवर हात बसायचाच होता.