वर्गणीची पावती म्हणजे समाजकार्य नव्हे: छोट्या कारखान्याने गावाला काय द्यावं?



गणपती जवळ आले की एमआयडीसीतल्या गाळ्यांवर पावतीपुस्तकं येतात. आपण हजाराची पावती घेतो आणि म्हणतो, झालं समाजकार्य! वर्गणी जरूर द्या. पण ज्या गावाचं पाणी, रस्ता आणि माणसं यांच्या जोरावर आपला माल तयार होतो, त्याची परतफेड तेवढ्यात होत नाही.

"सर, सीएसआर आपल्याला लागू आहे का?" हा नेहमीचा प्रश्न. कंपनी कायदा 2013, कलम 135 बघा. निव्वळ नफा 5 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा नेटवर्थ 500 कोटी, यापैकी एक आकडा गाठणाऱ्या कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावे लागतात. म्हणजे आपल्यासारख्यांवर सक्ती नाही.

पण किर्लोस्करवाडीचं उदाहरण घ्या. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या ओसाड माळावर कारखाना नेला. तेव्हा कुठला सीएसआर कायदा? तरी कारखान्याच्या जोडीने कामगारांची वसाहत उभी राहिली. गुन्हेगारीचा शिक्का बसलेल्या माणसांनाही त्यांनी राखणदारीचं काम दिलं. आणि माल कोणता? लोखंडी नांगर, आजूबाजूच्या शेतकऱ्याच्या उपयोगाचा. पुढे त्या स्टेशनचं नावच किर्लोस्करवाडी झालं.

यातून शिकायचं एवढंच: द्यायचं ते आपल्या धंद्यातूनच द्या. कसं?

1. आधी घरचं बघा. कामगारांचा पगार थकवून मंडपाला देणगी देऊ नका. गावाला आतली गोष्ट बरोबर कळते.

2. छोट्या पुरवठादाराचे पैसे वेळेवर द्या. एमएसएमईडी कायदा 2006 प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यायचं असतं. मी स्वतः दुकानदार आहे. एक मोठं बिल तीन महिने अडकलं की नवा माल भरायला पैसा राहत नाही, हे रोज बघतो. तुम्ही वेळेवर दिलेला चेक म्हणजे गावातल्या दुसऱ्या एखाद्या घराचा किराणा.

3. पोरांना काम शिकवा. आयटीआय झालेला मुलगा अनुभव नाही म्हणून घरी बसतो. त्याला अप्रेंटिस म्हणून घ्या. 30 किंवा जास्त माणसं असतील तर ते बंधनकारकच आहे. 4 ते 29 असतील तर ऐच्छिक. केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा काही वाटा सरकार उचलतं.

4. हातातलं कौशल्य द्या. फॅब्रिकेशनवाल्याने शाळेचे मोडके बाक वेल्डिंग करून द्यावेत, पॅकेजिंगवाल्याने बचत गटाला लोणच्या-पापडाचं पॅकिंग शिकवावं. मात्र आधी मुख्याध्यापकांना, बचत गटाच्या ताईंना विचारा, काय हवंय? नाहीतर बाक हवे असताना आपण भिंतीवरची घड्याळं वाटून येतो!

5. त्रास देऊ नका. वापरलेलं ऑइल गटारात सोडायचं आणि जूनमध्ये झाडं लावून फोटो काढायचे, याला परतफेड म्हणत नाहीत.

याचा धंद्याला फायदा होतो का? होतो. ओळखीचा कामगार टिकतो, पुरवठादार अडचणीत उधार देतो, रात्री शटरजवळ काही खुट्ट झालं तर शेजारचा फोन करतो. पण हे सगळं हळूहळू येतं, एका बॅनरने येत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: वही काढा आणि तुमच्याकडे थकलेली छोट्या पुरवठादारांची बिलं लिहा. त्यातलं सगळ्यात जुनं बिल शनिवारच्या आत चुकतं करा. मग कमेंटमध्ये फक्त "दिलं" एवढं लिहा. मी वाट बघतोय!