उभाड्याची मुले घरी परतल्यावर

इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे गावच्या कातकरी वस्तीतली मुले थोडे पैसे आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे राबायला दिली गेल्याचे सप्टेंबर २०२२ मध्ये उघड झाले, तेही त्यांतल्या एका दहा वर्षांच्या मुलीचा जीव गेल्यावर. श्रमजीवी संघटनेने प्रकरण लावून धरले, गुन्हे नोंदले गेले, मुले परतली. पण ज्या हलाखीपायी ती गेली होती, ती घरात तशीच होती. म्हणून सुटका हा बालसंरक्षणाचा पहिला टप्पाच मानायला हवा.

आईबापांनीच मुले दिली, मग पुन्हा त्यांच्याच हवाली का करायची, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. मात्र २०१५ चा बाल न्याय कायदा मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानतो, आणि ते योग्यच आहे. गरिबीची शिक्षा मुलाने का भोगावी? या कायद्यानुसार सुटका झालेल्या मुलाला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. पण महिनोन्महिने मेंढरांमागे फिरलेले, मार खाल्लेले मूल पाच अनोळखी सदस्यांपुढे एका बैठकीत मोकळे होईल कसे? एकाच समुपदेशकाने वस्तीवर जाऊन त्याला वारंवार भेटायला हवे. समुपदेशनाने घरची हलाखी मिटत नाही, हे खरे. त्यासाठी केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतले प्रायोजकत्वाचे महिना ४,००० रुपये वेळेवर मिळायला हवेत. मूल पुन्हा जाऊ नये म्हणून लक्षही ठेवायला हवे. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा दूरध्वनी क्रमांक चोवीस तास मोफत आहे. पटावरचे मूल अचानक दिसेनासे झाले, तर शिक्षकांनी तो त्याच आठवड्यात फिरवावा.