पिवळे बाण आणि उसाची ट्रॉली

लंडन : ब्रिटनमधल्या ट्रकथांब्यावर अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरचा माणूस उतरला, तर त्याची नजर आधी चाकांवर जाईल. बऱ्याच ट्रकच्या नटांवर बाणासारखं टोक असलेली पिवळी प्लास्टिकची टोपणं असतात. शेजारच्या दोन नटांचे बाण एकमेकांकडं तोंड करून बसवलेले. नट सैल होऊन फिरला, की बाणाचं तोंड वाकडं. सकाळी गाडीभोवती एक फेरी मारली, की पाना न लावताच कळतं.

ही फेरी हौसेची नाही. ब्रेक, टायर, दिवे, ट्रेलरची जोडणी पाहून ड्रायव्हरनं दोष लिहून द्यायचा आणि मालकानं तो कागद किमान 15 महिने सांभाळायचा, असा सरकारी दंडक आहे.

मोटारींचं पासिंग वेगळं. त्याला एमओटी म्हणतात. 1960 साली ते सुरू झालं तेव्हा दहा वर्षं जुन्या गाड्यांपुरतं होतं. 1967 पासून तीन वर्षांवर आलं. ज्या ‘मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट’वरून हे नाव पडलं, त्या नावाचं खातं केव्हाच गेलं. आद्याक्षरं तेवढी चिकटून राहिली!

पण ‘कालच पासिंग झालंय’ हे उत्तर इथं चालत नाही. टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली, तर टायरमागं 2,500 पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट. म्हणून लोक वीस पेन्सचं नाणं टायरच्या खाचेत उभं घालतात. नाण्याची बाहेरची पट्टी दिसत राहिली, की टायर बदलायला निघायचं. लायसन्सच्या परीक्षेतही गाडी हलण्याआधी असाच एखादा प्रश्न येतो : ब्रेक चालू आहेत, हे कसं पाहाल?

मोटारीसाठी 1.6 मिलिमीटरचा नियम भारतातही आहे. कागदावर दोन्ही देश सारखेच. रस्त्यावरचं चित्र मात्र वेगळं.

अंबड तालुक्यात समर्थ सहकारी साखर कारखान्याची धुराडी पेटली, की एकेका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या लागतात. मागं लोंबणारा ऊस आहे तो दिवाही झाकून टाकतो. अंधारात मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसते ती अगदी जवळ आल्यावर. दसऱ्याला त्याच ट्रॅक्टरला हार आणि हळदकुंकू असतं, चाकाखाली लिंबू असतं. जोडणीच्या पिनेत मात्र क्लिपऐवजी तार पिळलेली.

ब्रिटनमधला ड्रायव्हर ट्रेलर जोडला, तरी त्याचा ब्रेक लावलेलाच ठेवतो आणि खालच्या गिअरमध्ये हळूच पुढं ओढून बघतो. ट्रेलर जागचा हलला नाही, तरी खाली उतरतो, टॉर्च मारून जोडणी बघतो आणि मगच ट्रेलरचा ब्रेक काढतो.